मीठ बघून जा

रविवार

आज सकाळी ताईचा फोन आला आणि माझ्या सुट्टीचं वाटोळं झालं.

"बारक्या, या वर्षी जेवण तुझ्याकडे. आणि बिस्किटंही तूच कर."

मला वाटलं थट्टा करतेय. आई गेल्यापासून सुट्टीतलं सगळ्या कुटुंबाचं जेवण ताईकडेच असतं, आणि त्या जेवणात मिठाची बिस्किटं हवीतच. लोण्याची, भरडलेली मिरी घातलेली, पेल्याच्या कडेने कापलेली आणि वरून काट्याने टोचे मारलेली. आई करायची, आईनंतर ताई करते. सूप वाढायच्या आधी प्रत्येकाच्या हातात एक बिस्किट पडतं आणि मगच जेवणाला सुरुवात होते.

"अगं, मी वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. मला काय बिस्किटं येतात?"

"मग वजन करून कर," म्हणाली आणि फोन ठेवला.

यामागचं कारण मला पक्कं ठाऊक आहे. मागच्या वर्षीचं तिला कळलंय.

मागच्या वर्षीची बिस्किटं इतकी खारट झाली होती की पहिला तुकडा तोंडात गेल्यावर मी आत्याकडे पाहिलं, आत्याने भाच्याकडे आणि भाच्याने छताकडे. बोललं कुणीच नाही. ताई नुकती मोठ्या तापातून उठली होती. अंगात त्राण नसताना ओट्यापाशी उभी राहून तिने सगळं रांधलं होतं. तिला कोण कशाला नावं ठेवील? सगळे "छान, छान" म्हणत खात राहिले आणि पाण्याचे जग भराभर रिकामे होत राहिले. आत्या तर म्हणाली, "अशी बिस्किटं मी जन्मात खाल्ली नव्हती." ते अगदी खरं होतं. मी माझी दोन कोटाच्या खिशात घातली आणि वाटेत कुत्र्याला टाकली. त्याने हुंगली आणि तोही निघून गेला.

आता कुणीतरी तिच्या कानावर घातलं असणार. माझा संशय भाच्यावर आहे. तिचाच मुलगा, आईजवळ बोलून गेला असेल. आणि ताईच्या तर नाकावर राग. म्हणून हे काम माझ्या गळ्यात मारलंय. मी सगळ्यांसमोर तोंडावर आपटावं आणि तिने समोर बसून मजा बघावी, असा बेत आहे.

ही म्हणाली, "अहो, ताईंना बरं वाटत नसेल."

तिला काय झालंय? आवाज कसा खणखणीत होता.


मंगळवार

दुकान बंद करून छोटा काटा पिशवीत घातला आणि ताईकडे गेलो. म्हटलं, करायचंच आहे तर नीट माप घेऊन करू.

ताईच्या स्वयंपाकघरात मापं नाहीत. तिथे सगळं मुठीवर, ओंजळीवर आणि 'हाताला लागेल तेवढं' यावर चालतं. मी काटा ओट्यावर ठेवला, पातळी बघितली आणि म्हटलं, "घाल मैद्याची मूठ."

तिने घातली. मी आकडा लिहिला. "पुन्हा घाल." दुसरी मूठ पहिलीहून भलतीच जड भरली. तिसरी दोन्हींपेक्षा हलकी.

"ताई, एकसारखी घाल ना."

"मूठ म्हणजे मूठ. तुझ्या काट्याला कळत नाही त्यात माझा काय दोष?"

दारात उभे राहून भावोजी हसत होते. "सरासरी काढ, मेहुण्या. माझं निम्मं आयुष्य सरासरीवर गेलंय." ताईही हसली. तेवढा वेळ मला वाटलं की माझा संशय खोटा आहे आणि सगळं नेहमीसारखंच आहे. मैदा, लोणी, दूध, मिरी, सगळ्यांची सरासरी निघाली.

मग मी विचारलं, "आणि मीठ?"

ताई ओटा पुसत होती. पुसता पुसता थांबली. "मीठ आई कसं घालायची ते तुला माहीत नाही का? चिमूटभर घालायचं, मळायचं, पिठाचा कण जिभेवर ठेवायचा. कमी वाटलं तर आणखी चिमूटभर घालायचं. जीभ पुरे म्हणाली की थांबायचं."

"हो, पण अंदाजे किती?"

"तुझ्या जिभेला विचार. मला विचारू नकोस."

इतकं तोडून बोलायचं काही कारण होतं का? मीठ हा शब्द काढला आणि बाईचा चेहरा बदलला. म्हणजे माझं बरोबरच आहे.

मग चहा दिला. चहात साखरच नव्हती. मी गपचूप प्यालो. राग माणूस कशा कशावर काढतो! बाहेरच्या खोलीत बसलो असताना दूध लागल्याचा वास यायला लागला. चांगला घरभर पसरला तरी ताई तशीच बसलेली, माझ्या दुकानाची चौकशी करत. ती स्वयंपाकघराच्या दाराला लागूनच बसली होती. शेवटी मीच म्हटलं, "दूध लागलं वाटतं." तशी ती दचकून उठली. तिच्या आधी भावोजी धावले. आतून त्यांचा आवाज आला, "अगं, गॅसकडे मी बघतो म्हटलं होतं ना! तू नको लक्ष देऊस."

निवृत्त झाल्यापासून भावोजींना स्वयंपाकघराचा भलताच लळा लागलेला दिसतोय. तिखटामिठाचे डबेसुद्धा त्यांनी आपल्या हाताशी लावून घेतलेत. निघताना मी त्यांना त्यावरून चिडवलं. ते हसले, पण नेहमीसारखं काही उलट बोलले नाहीत.


बुधवार

पहिला ट्रे काढला. लेकीने एक बिस्किट उचलून मुद्दाम जमिनीवर टाकून पाहिलं. बिस्किट शाबूत राहिलं.

"बाबा, हे जेवणात वाढायचंय की घराला लावायचंय?"

मीठ मी काट्यावर मोजून घातलं होतं. अळणी झाली. ही म्हणाली, "अहो, ताई म्हणाल्या तसं जिभेने बघा ना." मी म्हटलं, जीभ चुकते, काटा चुकत नाही. यावर तिने उरलेली बिस्किटं ज्या डब्यात भरली त्या डब्यात आम्ही खिळे ठेवतो.


शुक्रवार

आजचा ट्रे जमला. जवळजवळ जमला. लोणी थंड ठेवलं, पीठ कमी मळलं आणि मीठ चाखून घातलं. (काट्याला सांगितलं नाही.) फक्त आमचा ओव्हन मागच्या बाजूला जास्त तापतो हे लक्षात आलं नाही, त्यामुळे मागची रांग खालून कोळसा झाली. तरी पुढची बिस्किटं अशी सुरेख फुलली होती की मला राहवेना. डब्यात खाली करपलेली, वर चांगली अशी भरली. करपलेलीही घेतली, कारण ती दाखवून ताईला ओव्हनचं विचारायचं होतं.

ताईकडे गेलो. तिने डबा घेतला, उघडला, हलवला आणि नेमकं खालचं एक उचललं. काळं कुळकुळीत. मी "अगं ते नको" म्हणेपर्यंत तिने चावलंसुद्धा. सावकाश खाल्लं, सगळं खाल्लं.

"छान झालंय," म्हणाली.

"छान?"

"छान म्हणजे छान. खुसखुशीत. मिरी चांगली झोंबतेय."

मी त्याच रांगेतलं दुसरं तोंडात टाकलं. कडू जहर! मला बेसिनपाशी जावं लागलं. आणि ताई माझ्याकडे बघून हसतेय. आम्ही गेल्या वर्षी तिला जो शब्द दिला तोच तिने आज मला परत केला. तिच्या मागे भावोजी उभे होते. ते मला डोळ्यांनी काहीतरी खुणावत होते आणि मान हलवत होते. बायकोच्या वतीने माफी मागत असणार. भला माणूस आहे.

मी डबा उचलला आणि आलो. रस्ताभर जिभेवरचा कडूपणा गेला नाही. मला मनापासून वाईट वाटलं. आई गेली तेव्हा ताईने मला जवळ घेऊन म्हटलं होतं, "आता काही चुकलंमाकलं तर मी सांगीन हो तुला." आणि आता ती मला करपलेलं छान म्हणते. माझं चुकलं तर सांगावं इतकीसुद्धा तिला माझी किंमत राहिली नाही.


सोमवार

मोठ्या हॉस्पिटलसमोरच्या फळवाल्याचा काटा अडकत होता म्हणून तिकडे गेलो होतो. काटा खोलून फुटपाथवर बसलो होतो तेवढ्यात समोरच्या फाटकातून ताई आणि भावोजी बाहेर पडताना दिसले. मी हाक मारली. ताईने ऐकली, कारण ती थबकली. मग तोंड फिरवून भराभर चालायला लागली. भावोजी एकदा मागे वळले आणि तिच्यामागे गेले.

भावोजींच्या नात्यातलं कुणीतरी आजारी असेल. पण सख्ख्या भावाला बघून तोंड फिरवायचं? हात काळे झाले होते म्हणून मागे धावलो नाही. नाहीतर विचारलं असतं.

घरी येऊन हिला सांगितलं. ती कांदा चिरत होती.

"ताईंचा चेहरा कसा होता?"

"मला पाठच दिसली."

"हं," म्हणाली आणि कांदा चिरत राहिली. इतका बारीक कांदा ती एरवी कधी चिरत नाही.


मंगळवार

ताईचा फोन. जेवणाला येणार नाही म्हणाली. भावोजींना पाठवते, मी घरीच थांबते.

"का पण?"

"तुम्ही जेवा रे. मी असले की सगळे माझं तोंड बघत बसतात."

"कोण बघतंय तुझं तोंड?"

"तुम्ही सगळेच. ठेवते आता."

आजपर्यंत असं एकदाही झालेलं नाही. आई गेली त्या वर्षीसुद्धा ताई होती. आईच्या खुर्चीवर बसली, रडली, पण जेवली. ताईशिवाय ते जेवण म्हणजे नुसतं खाणं. दुकानात आज एकही काम धड झालं नाही. एका गिऱ्हाइकाचा काटा दुसऱ्याला दिला आणि दोघांच्या शिव्या खाल्ल्या.

मी खूप चिडलोय असं लिहिणार होतो. खरं म्हणजे मला भीती वाटतेय. बिस्किटांवरून माझी बहीण माझ्यापासून तुटणार की काय?


गुरुवार

आजचं सगळं लिहायला हवं.

सकाळी दुकानात निघालो तर ही म्हणाली, "अहो, आज ताईंकडे जाऊन या."

"दुकानातून येताना जाईन."

"नाही, आत्ता जा. आजच जा. आणि भांडायचं असेल तर भांडा, पण मनात ठेवून परत येऊ नका." माझा मफलर तिने स्वतः माझ्या गळ्यात अडकवला. एरवी कुठेही जाताना मला भांडू नका म्हणून सांगणारी ही बाई! पण मलाही ते पटलं. बरं झालं मला जायची बुद्धी झाली.

दार भावोजींनी उघडलं. डोळे लाल. ताई खिडकीशी बसली होती. मी चपलाही काढल्या नाहीत. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं जुळवलं होतं, पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"खारट होती म्हणून एवढा राग? हो, खारट होती मागच्या वर्षीची बिस्किटं! जिभेवर ठेववत नव्हती. आम्ही सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली आणि खाल्ली. तू आजारातून उठली होतीस म्हणून खाल्ली. चुकलं आमचं. पण त्यासाठी जेवणाला यायचं नाही म्हणजे काय?"

ताई माझ्याकडे बघतच राहिली. मग भावोजींकडे वळली. "अहो, ऐकलंत? खारट होती."

"मी तुला काय सांगत होतो?" भावोजी म्हणाले. "नाही, म्हणजे... मीही सांगितलं नव्हतंच."

"किती खारट?" तिने मला विचारलं.

"ताई, जाऊ दे ना."

"किती, बारक्या?"

"कुत्र्याने खाल्ली नाहीत."

आणि ताई हसायला लागली. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी. हसतेय की रडतेय ते कळेना. तीही सांगू शकली नसती. मी चपला घालूनच तिच्यापाशी खाली बसलो.

मग तिने सांगितलं. त्या तापात तिची चव गेली, वास गेला, ते आजपर्यंत आले नाहीत. मिरी, मिरची झोंबते तेवढी. बाकी भात, फळ, चहा, सगळं सारखंच, तोंडात लाकडाचा भुसा धरल्यासारखं. मागच्या वर्षी बिस्किटांचं पीठ मळताना ती आईच्या रीतीने चिमूटभर मीठ घालायची, कण चाखायची. जीभ काही पुरे म्हणेना. म्हणून पुन्हा घालायची.

"शेवटी माझा हात थांबला तो भीतीने. जिभेने थांबवलं नाही. जेवताना मी तुमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं, काही चुकलं असेल तर यांच्या चेहऱ्यावर दिसेल. तर सगळे छान छान! आत्यासुद्धा. मला वाटलं, चला, हाताला सवय आहे, जमलं असेल. पण पाणी किती प्यालात रे तुम्ही! त्यानंतर मला कुणाच्या छानवर विश्वासच राहिला नाही. आमटी केली तरी हे छान म्हणायचे. आता मला कळणार कसं? माझी जीभ गेली होती, आणि तुमची असून तुम्ही मला दिली नाहीत."

शुक्रवारी मी बेसिनपाशी धावलो होतो ते मला आठवलं. तिने ते काळं बिस्किट सगळं खाल्लं होतं, आणि छान म्हणाली होती, कारण आम्हीच तिला शिकवलं होतं की असं म्हणायचं असतं.

"दूध, साखर..." मी म्हटलं.

"साखर नव्हती का चहात?"

"नव्हती."

"मग बोलायला काय धाड भरली होती?"

हॉस्पिटलचं नंतर कळलं. वर्षभर ती डॉक्टरकडे गेलीच नव्हती. डोक्यात गाठबीठ झाली असेल, असं तिने मनाशी धरलं होतं, आणि गेलं की कळेल म्हणून जात नव्हती. शेवटी भावोजी हट्टाला पेटले. तपासण्या झाल्या, आणि त्यांचं उत्तर आज सकाळी मिळालं होतं, मी पोचायच्या जरा आधी. डोक्यात काही नाही. काही म्हणजे काही नाही. तो ताप नाकाच्या आतली वासाची वाट बिघडवून गेला आणि चवीचीही. हळूहळू परत येईल, कदाचित पूर्ण येणार नाही. रोज सकाळी तीव्र वासाच्या चार वस्तू हुंगायला सांगितल्यात. असं हुंगवतात हे कुठेसं ऐकून भावोजींनी कालच लवंगांची बाटली आणून ठेवली होती, उत्तर काय येणार हे माहीत नसताना.

"मग डोळे लाल कशाने?" मी भावोजींना विचारलं.

"आनंदाने, गाढवा," भावोजी म्हणाले. मला ते पहिल्यांदाच गाढव म्हणाले. इतकं बरं वाटलं.

मी चहा केला. साखर घातली. ताईला काही कळलं नाही, पण तिने दोन कप घेतले.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. तिने एकही प्रश्न विचारला नाही. नुसती खुर्चीवर बसली आणि "सुटले बाई एकदाची" म्हणाली. बिचारीला माझ्या ओव्हनच्या पसाऱ्याचा त्रास होत असणार.


शनिवार

ताई सकाळीच आली, स्वतःचं लाटणं घेऊन. आमचं लाटणं तिला चालत नाही. भावोजी लवंगांची बाटली घेऊन मागे.

मी काटा काढला तर तिने तो उचलून फडताळात ठेवला. मैदा तिच्या मुठीने, लोणी तिच्या हाताने. तिच्या बोटांना काही विसर पडलेला नाही. थंड लोणी मैद्यात चोळताना ती खिडकीबाहेर बघत गप्पा मारत होती आणि खाली पीठ आपोआप जमत होतं. मी शेजारी हात धुऊन उभा. माझ्याकडे एकच काम होतं.

ताई चिमूटभर मीठ घालायची, मळायची, पिठाचा कण माझ्या जिभेवर ठेवायची. "आता?"

"आणखी."

"आता?"

"आणखी थोडं."

लेक दारातून म्हणाली, "आत्या, बाबांना तू लहान बाळासारखं भरवतेयस."

"मग काय, बारक्याच आहे तो. आता रे?"

मागच्या वर्षीची आठवण माझ्या जिभेवर अजून आहे. म्हणून जरा अलीकडेच म्हटलं, "पुरे."

ताईने माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

ओव्हनच्या मागच्या रांगेसाठी ट्रे मधेच फिरवायचा, हे तिनेच सांगितलं. ट्रे बाहेर आला तेव्हा घरभर लोण्याचा वास सुटला होता. ताई ट्रेवर वाकली, डोळे मिटून श्वास घेतला. आम्ही सगळे थांबलो. तिने मान हलवली. "नाही." मग एक बिस्किट कानाशी धरून मोडलं. "पण भाजलंय बरोबर. हा आवाज मला कळतो."


रविवार, जेवण झाल्यावर

सगळे आले होते. भाचा त्याच्या गावाहून, आत्या तिच्या काठीसकट. ताई आईच्या जागी बसली. माझं टेबल तिच्या टेबलाएवढं मोठं नाही, त्यामुळे कोपर कोपराला लागत होतं.

सगळ्यांना ताईने स्वतःच सांगून टाकलं. वर्षभराचं सगळं, गाठीच्या भीतीसकट. भाचा ताडकन उठला आणि "आई, मला का नाही सांगितलंस?" म्हणून चांगलाच चिडला. मग तिच्या खुर्चीमागे जाऊन बराच वेळ उभा राहिला. त्याच्यावर मी संशय घेतला होता. तो बिचारा कुणालाच काही बोलला नव्हता.

मग ताई म्हणाली, "आता बिस्किटं. आणि ऐका, आज जो छान म्हणेल त्याला सूप मिळणार नाही. जे लागेल ते सांगायचं. माझ्यापाशी जीभ नाही, मला तुमच्या लागतील."

बिस्किटं वाटली. सगळ्यांनी चावली. कुणी वर बघेना. खोलीत नुसता कुरकुरण्याचा आवाज. मागच्या वर्षीसारखंच होणार असं मला वाटलं. भाच्याने नुसता घसा खाकरला. लेक माझ्याकडे बघत चावत राहिली.

आत्याने बिस्किट संपवलं, काठी भिंतीला नीट टेकवली आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

मग ताईने दोन्ही हात टेबलावर आपटले. "किती कमी, आत्या?"

"चांगल्या दोन चिमट्या कमी. अळणी आहे. बारक्याने केलंय ना? घाबरट आहे तो लहानपणापासून."

"मलाही वाटलं!" भाचा म्हणाला. "मिरी जास्त झालीय," लेक म्हणाली. "माझं जरा कच्चं आहे," ही म्हणाली. भावोजींनी तर हात वर करून परवानगी मागितली आणि सांगितलं की सुरुवातीपासून त्यांना ही बिस्किटं आवडतच नाहीत, लग्न झालं तेव्हापासून. ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. माझ्या बिस्किटांची अशी पिसं काढली गेली आणि मी मूर्खासारखा आनंदाने सगळ्यांकडे बघत बसलो होतो. ताई प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती आणि आज तिला तिथे जे दिसत होतं तेच ऐकू येत होतं.

मिठाची वाटी टेबलाभोवती फिरली. लोण्याचं बोट बिस्किटावर फिरवायचं आणि वर मीठ भुरभुरायचं, असं सगळ्यांनी केलं. ताईनेही केलं. आम्ही खाणं थांबवून बघायला लागलो.

"कळलं?" मी विचारलं.

तिने सावकाश चावलं. "खरं सांगू? नाही कळलं." आणि पुढचं उचललं. "पण दे. तुमच्याबरोबर खायला बरं वाटतंय."


बुधवार

दुकान उघडून काट्यांवरची धूळ झटकत होतो तेवढ्यात ताईचा फोन.

"बारक्या, सूप केलंय. मीठ बघून जा."

"ताई, दुकान आहे माझं. भावोजी आहेत ना घरात?"

"त्यांना नाही विचारत. ते अजून छान म्हणतात. जुनी सवय."

दाराला कुलूप लावून गेलो. ताई पळी घेऊन उभीच होती. मी फुंकर मारली, घोट घेतला, जिभेवर फिरवला. ती माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती.

"खारट झालंय," मी म्हटलं.

"खूप?"

"बऱ्यापैकी."

ताईच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की कुणी म्हणेल सूप जमलंय. "शहाणा माझा," म्हणाली आणि भांड्यात पाणी ओतलं. मग पळी पुन्हा माझ्यापुढे धरली.

"आता?"